माळेतले रुपये : आदिलाबादच्या गळ्यातलं कलदार आणि हाली

मी शिक्षणाने यांत्रिकी अभियंता. पंच आणि डाय यांच्याशी संबंध आला तो कारखान्यात. पत्र्यातून एकसारख्या चकत्या कापायच्या, उरलेला जाळीसारखा पत्रा भंगारात टाकायचा. पण यंत्राने कापलेली चकती माणसाच्या गळ्यात कशी जाते, हे कळलं फार उशिरा. आणि कळलं तेव्हा घरची माळ राहिली नव्हती.

आजीकडे चांदीच्या १८ रुपयांची माळ होती. प्रत्येक नाण्याच्या कडेला डाख देऊन कडी बसवलेली, आणि सगळी नाणी काळ्या गोफात ओवलेली. आदिलाबाद जिल्ह्यात अशा माळा गोंड, लंबाडा, कुणबी अशा सगळ्याच घरांतून दिसत. सोनाराकडून नुसती कडी करून घ्यायची. बाकीचा दागिना टांकसाळीने आधीच केलेला असे.

टांकसाळीचं काम थोडक्यात असं. चांदीची लगड लाटून पट्टी करायची, पट्टीतून पंचाने चकत्या कापायच्या, उरलेली जाळी पुन्हा मुशीत टाकायची. चकतीची कड उचलून घ्यायची, तापवून मऊ करायची आणि खालच्या-वरच्या दोन ठशांमध्ये दाबायची. भोवती खाचांचं कडं असेल तर कडेवर खाचा उमटतात. त्यामुळे कोणी कड कातरून चांदी काढली तर लगेच दिसतं. हाताने हातोडा मारून पाडलेल्या नाण्यात हे साधत नसे. इंग्रजी रुपयाला आपले लोक ‘कलदार’ म्हणत. कल म्हणजे यंत्र; कलदार म्हणजे यंत्रावर पाडलेला.

आमच्या बाजूला मात्र दोन रुपये चालत. आदिलाबाद निजामाच्या राज्यात, म्हणून इथे हाली शिक्का. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड. तेही कागदोपत्री निजामाचंच, पण कारभार इंग्रजांचा. म्हणून तिथे कलदार. हैदराबादेत सैफाबादची टांकसाळ १९०३ साली सुरू झाली, आणि पुढे चारमिनारचं चित्र असलेला यंत्रावरचा हाली रुपया घरोघर पोचला.

हे दोन रुपये एकसारखे नव्हते. कलदार ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. नाण्याचं नाणं आणि वजनाचं वजन. त्यात चांदी ९१.७ टक्के, म्हणजे १०.६९ ग्रॅम. हाली ११.१८ ग्रॅमचा, चांदी ८१.८ टक्के, म्हणजे ९.१५ ग्रॅम. आता भागाकार करून बघा : १.१७ येतो. सरकारी दर होता सहा कलदाराला सात हाली. सात भागिले सहा, तेही १.१७! दराचा हिशोब आणि चांदीचा हिशोब असा जुळलेला पाहिला, त्या रात्री मला झोप लागली नाही. १९४० साली इंग्रजांनी रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, मागोमाग हालीचीही तीच गत झाली. म्हणून माळेतल्या नाण्यावरचं साल फार महत्त्वाचं.

भोकाच्या पैशाची गोष्ट आणखी मजेची. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली, तेव्हा १९४३ ते १९४७ या काळात इंग्रज सरकारने मधे मोठं भोक असलेला पैसा काढला. भोक पाडलं की तेवढा धातू वाचला. पण लोकांच्या हाती आयता मणी आला! डाख नको, कडी नको, सोनार नको. आमच्याकडे तो लहान पोरांच्या करदोड्यात ओवत. कोणी बैलगाडीला, कोणी यंत्राला वायसर म्हणूनही लावला.

याच जिल्ह्यात मोडीतून दागिना करण्याची दुसरी, फार जुनी रीत आहे. ओझा कारागीर फुटकी पितळी भांडी वितळवून घुंगरं, कडी, देवांच्या मूर्ती ओततात. आतला मातीचा गाभा, त्यावर मेणाच्या तारांची नक्षी, वर पुन्हा माती. भाजलं की मेण जातं आणि त्या जागी पितळ बसतं. साचा फोडल्याशिवाय वस्तू निघत नाही, म्हणून एकासारखी दुसरी नसते. या ‘आदिलाबाद डोकरा’ला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ओझाच्या हातची कला थोर, यात वाद नाही. पण इतिहासाच्या दृष्टीने एक फरक आहे. वितळलेल्या भांड्याचं मागचं आयुष्य पुसलं जातं. माळेतला रुपया मात्र आपलं साल, राजा आणि टांकसाळ गळ्यात घेऊनच राहतो.

तर आमच्या माळेबद्दल. १९८६ साली माझ्या डिप्लोमाच्या फीसाठी ती मोडली. मी नको म्हणालो, फार जोराने नाही. आजी म्हणाली, “आधी फी भर बापू. माळ काय, मागून करता येते.” सोनाराने सगळे रुपये एकाच तागडीत टाकले. कलदार किती, हाली किती, कोणीच पाहिलं नाही, मीही नाही. माळ पुन्हा झाली नाही.

आज मला तोच आकडा हवा आहे. आजोबा कापूस घेऊन पैनगंगेपलीकडे जात, असं घरात सांगतात. माळेत कलदार जास्त निघाले असते तर त्या सांगण्याला आधार मिळाला असता. सगळे हाली असते तर वेगळा विचार करावा लागला असता. आणि सर्वांत नवं नाणं पाहून कळलं असतं की त्या रूपातली माळ कुठल्या सालाच्या आधीची नाही.

एकच रुपया वाचला. त्याची कडी निघाली होती, म्हणून तो आजीच्या चंचीत राहिला. वजन भरलं १०.९ ग्रॅम, म्हणजे गळ्यावर घासून पाव ग्रॅमच्या वर झिजलेला. डाखाचा डाग बरोबर चारमिनारच्या माथ्यावर आहे. इमारत उभी दिसावी, असा कडी बसवणाऱ्याचा बेत दिसतो. कमानीत ‘ऐन’ अक्षर आहे, म्हणजे उस्मान अली खान. आधीच्या महबूब अलींच्या नाण्यांवर तिथे ‘मीम’ असतं. साल हिजरी १३४३. हिजरी सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा, ढोबळ इसवी सन येतो : इथे १९२४-२५.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी अशी माळ असेल तर ती मोडू नका, असं मी कोणत्या तोंडाने सांगू? माझं शिक्षण त्याच चांदीवर झालं. पण सोनाराकडे नेण्याआधी एक दुपार काढा. प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, एकेकाचं वजन करा, ओवण्याचा क्रम लिहून ठेवा. माळ कोणाची, कोणाकडून आली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. १८ नाण्यांना दोन तास पुरतात. मग खुशाल तागडीत टाका.