ज्यू लोकांच्या कबरीवर मृत व्यक्तीचा फोटो चालतो का? वाद दीडशे वर्षांचा, आणि पवनीचा 'छाया-खंभ' त्याहून जुना

घरात कुणी गेलं की आपल्याकडे रडारडीच्या मधेच एक धावपळ सुरू होते, ती फोटोची. चांगला फोटो कुणाकडे आहे? लग्नातला असेल तर बाजूचे लोक कापून काढा, फ्लेक्सवाल्याला व्हॉट्सअ‍ॅप करा. संध्याकाळी चौकात 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा बोर्ड लागतो, नातेवाइकांच्या स्टेटसला तोच फोटो असतो आणि तेराव्यापर्यंत भिंतीवर हार घातलेली फ्रेम आलेली असते. यात वाद होण्यासारखं काही आहे, असं आपल्याला वाटतही नाही.

ज्यू समाजात मात्र हा वादाचा विषय आहे. कबरीच्या दगडावर गेलेल्या माणसाचा फोटो लावायचा की नाही, यावरून कुटुंबं आणि दफनभूमी सांभाळणाऱ्या संस्था यांच्यात खटके उडत आलेत. गोष्ट न्यूयॉर्क आणि तेल अवीवची वाटेल, पण सुरुवात भंडारा जिल्ह्यातल्या पवनीपासून करायला हरकत नाही. कारण मेलेल्या माणसाचा चेहरा दगडावर हवा की नको, या प्रश्नाची दोन्ही उत्तरं या एका गावात सापडलेली आहेत.

पवनीत काय सापडलं?

वैनगंगेच्या काठचं पवनी आज अनेकांना उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यामुळे माहीत असतं. देवळांच्या संख्येमुळे गावाला 'विदर्भाची काशी'ही म्हणतात. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्याने इथल्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखालच्या या कामात मोठा बौद्ध स्तूप उजेडात आला.

पवनीच्या प्राचीन बौद्ध शिल्पांत बुद्ध आहे, पण माणसाच्या रूपात नाही. मुचलिंद नागाचं शिल्प घ्या. नाग फणा पसरून संरक्षण करतोय आणि खाली आसन रिकामं आहे. त्या काळात बुद्ध दाखवायचा तो अशाच खुणांनी, म्हणजे झाड, चक्र, पावलं किंवा रिकामी जागा.

याच पवनीत साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला एक स्मृतिस्तंभ मिळाला. त्यावर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत 'महाक्षत्रप कुमार रुपिअम्म' हे नाव आहे. पश्चिमी क्षत्रपांची सत्ता नर्मदेच्या दक्षिणेला किती खोल आली होती, या चर्चेत इतिहासकार हा लेख पुरावा म्हणून वापरतात. आपल्यासाठी महत्त्वाचा आहे त्यातला शेवटचा शब्द. या खांबाला लेखात 'छाया-खंभो' म्हटलंय. छाया म्हणजे प्रतिमा, प्रतिबिंब. गेलेल्या माणसाची छाया धरून ठेवणारा खांब. असे छाया-खंभ आंध्रातल्या नागार्जुनकोंड्यालाही मिळाले आहेत. तिथे राजे, सैनिक, अगदी कारागिरांचीही स्मारकं आहेत आणि त्यांवर माणसांची चित्रं कोरलेली आहेत.

मराठीत फोटोला आपण आजही 'छायाचित्र' म्हणतो. शब्द तोच.

ज्यू धर्माला फोटोचं वावडं का?

मूळ आहे दहा आज्ञांमध्ये. बायबलच्या 'निर्गम' या पुस्तकाच्या २०व्या अध्यायात कोरीव मूर्ती करून तिच्यापुढे वाकायला मनाई केली आहे. पुढे धर्मपंडितांनी या एका आज्ञेचा कीस पाडला. मूर्ती म्हणजे नेमकं काय? भिंतीवरचं चित्र चालेल का? कापडावर विणलेलं?

१५६५ मध्ये व्हेनिसला छापल्या गेलेल्या 'शुल्हान आरुख' या योसेफ कारो यांच्या नियमसंग्रहात याचं बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर आहे. माणसाची उठावदार, पृष्ठभागातून बाहेर आलेली आकृती करायची नाही. विणलेली किंवा भिंतीवर रंगवलेली आकृती चालते. आता फोटो तर सपाट असतो. म्हणजे नियमाच्या अक्षरावर बोट ठेवलं, तर कबरीवरचा फोटो मूर्तिपूजेच्या बंदीत बसत नाही.

तरीही बहुतेक सनातनी रब्बी, म्हणजे धर्मगुरू, 'नको' म्हणतात. एक कारण असं, की लोक कबरीपाशी उभे राहून प्रार्थना करतात आणि समोर चेहरा असेल तर प्रार्थना त्या चेहऱ्याचीच चालली आहे असं दिसतं. ही इतर धर्मीयांची नक्कल आहे, असाही आक्षेप असतो. पण सगळ्यात विचार करायला लावणारा मुद्दा आहे तो गरीब-श्रीमंतीचा.

तालमुद हा ज्यूंचा प्राचीन चर्चाग्रंथ. त्यातल्या 'मोएद कातान' या भागात एक जुनी हकीकत येते. पूर्वी अंत्ययात्रेत श्रीमंतांचा चेहरा उघडा ठेवायचे आणि गरिबांचा झाकायचे, कारण दुष्काळाने, उपासमारीने गरिबांचे चेहरे काळवंडलेले असत. गरिबांना याची लाज वाटू लागली. मग ठरलं की यापुढे सगळ्यांचेच चेहरे झाकायचे. त्याच ठिकाणी रब्बान गमलिएल यांची गोष्ट आहे. अंत्यसंस्काराचा खर्च इतका वाढला होता, की मृत्यूपेक्षा तो खर्चच नातेवाइकांना जड व्हायला लागला. गमलिएल मोठे, मानाचे पुढारी. त्यांनी आपल्याला साध्या तागाच्या कापडात पुरावं असं सांगितलं आणि मग लोकही तसंच करू लागले. आजही पारंपरिक ज्यू दफनात कफन सगळ्यांचं सारखंच साधं असतं आणि शेवटचं मुखदर्शन नसतं.

ही पार्श्वभूमी कळली की फोटोला होणारा विरोध निव्वळ कर्मठपणा वाटत नाही. देखणा, महागडा फोटो लावणारं घर आणि तो न परवडणारं घर हा फरक दफनभूमीत तरी येऊ नये, अशी त्यामागची भूमिका आहे.

म्हणून जुन्या ज्यू कबरींवर चेहऱ्याऐवजी खुणा दिसतात. आशीर्वाद देणारे दोन पंजे असतील तर मृत व्यक्ती 'कोहेन', म्हणजे पुरोहित घराण्यातली. पाण्याचा तांब्यासारखा कुंजा असेल तर 'लेवी'. बाकी फक्त नाव आणि वडिलांचं नाव. भारतातला सर्वात जुना माहीत असलेला हिब्रू कबरीचा दगड केरळात चेंदमंगलमला आहे, इसवी सन १२६९चा. त्यावर 'इस्रायलची मुलगी सारा' एवढीच तिची ओळख आहे. साडेसातशे वर्षं झाली, तेवढी पुरली आहे.

अपवादही आहेतच. अ‍ॅमस्टरडॅमजवळ औडरकेर्क गावात पोर्तुगीज ज्यूंची दफनभूमी आहे. तिथल्या १७व्या-१८व्या शतकातल्या काही कबरींवर बायबलमधले प्रसंग चक्क माणसांच्या आकृत्यांसह उठावात कोरलेत. सिरियात ड्युरा-युरोपस इथे १९३२ मध्ये सापडलेल्या, तिसऱ्या शतकातल्या सिनेगॉगच्या भिंती तर माणसांच्या चित्रांनी भरलेल्या होत्या. थोडक्यात, 'ज्यू धर्मात प्रतिमा कधीच नव्हती' हे सोशल मीडियावर ठोकून दिलं जाणारं वाक्य बरोबर नाही.

मग फोटो आला कुठून?

१८५४ मध्ये फ्रान्समध्ये ब्यूलो आणि कातँ या दोघांनी एका तंत्राचं पेटंट घेतलं. फोटो एनॅमलवर किंवा चिनी मातीच्या तबकडीवर उतरवायचा आणि भट्टीत भाजायचा. कागदावरचा फोटो दोन पावसाळे टिकणार नाही, पण ही तबकडी उन्हापावसात वर्षानुवर्षं राहते. साधारण अंडाकृती, तळहाताएवढी, दगडात खाच करून बसवलेली. जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत अशी तबकडी तुम्ही पाहिली असेल.

युरोपातून हे अमेरिकेत गेलं. शिकागोत १८९३ पासून जे. ए. डेडूश ही कंपनी अशा तबकड्या बनवू लागली. पुढे तर त्या टपालाने माल मागवायच्या कॅटलॉगमध्येही आल्या. हाच काळ पूर्व युरोपातून लाखो ज्यू अमेरिकेत येण्याचा. न्यूयॉर्कच्या ज्यू दफनभूमींत २०व्या शतकाच्या पहिल्या दशकांतल्या कबरींवर असे फोटो मोठ्या संख्येने दिसतात. कॉलर कडक केलेले बाप्ये, केस वर बांधलेल्या बायका, आणि लहान मुलंही. जे गाव सोडून आले, ज्यांचे आईबाप समुद्रापलीकडेच राहिले, त्यांच्यासाठी फोटो हीच एक बरोबर नेता येण्यासारखी गोष्ट होती. रब्बींचा विरोध होता, पण लोकांनी लावायचे ते लावलेच.

दुसरी लाट सोव्हिएत संघातून आली. तिथे धर्मसंस्था मोडीत निघाल्या होत्या, त्यामुळे 'नको' म्हणणारंच फारसं कुणी उरलं नाही. काळ्या ग्रॅनाइटवर माणसाचं मोठं चित्र कोरण्याची पद्धत ज्यूंनीही उचलली. १९९०च्या दशकात सोव्हिएत संघाच्या प्रदेशातून जवळपास १० लाख लोक इस्रायलला गेले, बरेच न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनला. ते काळे दगडही त्यांच्याबरोबर गेले आणि जुन्या वादाला नवी फोडणी बसली.

शेवटी ठरवतं कोण?

इस्रायलमध्ये बहुतेक दफनं 'हेव्रा कदिशा' नावाच्या धार्मिक दफन संस्था करतात आणि दगडावर काय असावं याबद्दल त्यांचे नियम असतात. कुटुंबाचं दुःख मोठं की संस्थेचा नियम, हा प्रश्न १९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हाताळला. ते प्रकरण फोटोचं नव्हतं. एका कुटुंबाला दगडावर नाव लॅटिन लिपीत आणि तारखा इंग्रजी कॅलेंडरनुसार हव्या होत्या, संस्था फक्त हिब्रूवर अडून बसली होती. निकाल कुटुंबाच्या बाजूने लागला. १९९६ मध्ये कायद्याने धर्मसंस्थेबाहेर, नागरी पद्धतीने दफनाचा हक्कही दिला. किबुत्झसारख्या सामूहिक वसाहतींच्या दफनभूमींत पूर्वीपासूनच मोकळीक जास्त होती. इतर देशांतले उदारमतवादी ज्यू प्रवाह हा निर्णय बहुतेक वेळा कुटुंबावर किंवा त्या त्या दफनभूमीवर सोडतात.

या सगळ्याला एक दुसरी बाजू आहे. नाझींच्या छळछावण्यांत मारल्या गेलेल्या लाखो ज्यूंना कबरच नाही. जेरुसलेमच्या याद वाशेम स्मारकातल्या 'नावांच्या दालना'त छताच्या शंकूत सुमारे ६०० माणसांचे फोटो लावलेत. दगड नाही तिथे चेहरा ठेवला, आणि त्याबद्दल कुणी आज्ञा काढून दाखवत नाही.

आपल्या कोकणातले ज्यू काय करतात?

महाराष्ट्राचे ज्यू म्हणजे बेने इस्रायली. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरागत कथा. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आडनावं गावावरून पडली आणि घरची बोली मराठी. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

त्यांच्या आठवणींची सुरुवातच चेहरा नसलेल्या कबरींपासून होते. बुडालेल्यांना नवगावात दोन ढिगाऱ्यांखाली पुरलं, एकात पुरुष आणि एकात बायका, असं सांगतात. नाव कुणाचंच नाही. पुढच्या काळातल्या बेने इस्रायली कबरींवर हिब्रू, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषा भेटतात.

गंमत म्हणजे हाच समाज घरात चित्राला दूर ठेवत नाही. अनेक बेने इस्रायली घरांत एलियाहू हनबी, म्हणजे प्रेषित एलिया, रथातून स्वर्गात जातानाची तसबीर भिंतीवर असते. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावरच्या खुणा त्याच रथाच्या, अशी श्रद्धा आहे. नवस फेडताना किंवा शुभकार्यात पोह्यांची 'मलिदा' करून एलियाचं नाव घेतात. तसबीर पाहायची, पूजायची नाही, इतकी सरळ रेषा त्यांनी कुठल्या ग्रंथाचा कीस न पाडता आखून घेतली आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात साधारण २० हजार बेने इस्रायली होते. बहुतेक इस्रायलला गेले, इथे काही हजार उरले. त्यामुळे कोकणातल्या कबरींची अवस्था विचित्र झाली आहे. इस्रायलमध्ये वाढलेल्या पणतूला दगडावरचं हिब्रू वाचता येतं, पण मराठी अडतं. शेजारच्या वाडीतल्या पोराला मराठी येतं, हिब्रू नाही. फोटो असता तर दोघांनाही बघता आला असता, पण तो कुणाचा हे सांगायला पुन्हा नावच लागलं असतं.

दफनभूमीत गेलात तर

ज्यू कबरीवर फुलांऐवजी खडा ठेवायची रीत आहे. कबरीवर छोटे दगड रचलेले दिसले तर ते कुणी खेळताना टाकलेले नाहीत, भेटायला आलेल्यांनी ठेवलेले आहेत. ते हलवू नका. पुरुषांनी डोकं झाकून जावं. शनिवारी आणि सणाच्या दिवशी जाणं टाळावं. बाहेर पडताना हात धुवायचे असतात, त्यासाठी बऱ्याच ठिकाणी फाटकाजवळच पाण्याची सोय असते.