छाटलेल्या फांदीचा पत्ता

रिपॉझिटरीतल्या जुन्या ब्रँच उडवायच्या की राखायच्या, हा हैदराबादच्या हायटेक सिटीत रोजचा प्रश्न. त्याची कुळकथा सांगणारे बेल लॅब्समधली १९७२ची एससीसीएस ही आवृत्ती-नियंत्रण प्रणाली, मग आरसीएस, सीव्हीएस आणि २००५चं गिट एवढं सांगून थांबतात. माझ्या मते टाकलेलंही जपून ठेवायच्या शिस्तीचं थोरलं घराणं पुण्यात आहे, आणि त्याला हैदराबादचाच पैसा लागला आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला निझाम मीर उस्मान अली खान यांनी अनुदान दिलं होतं.

गिटमध्ये २००७ साली सबमॉड्यूल आली, आणि पेच तिथेच आहे. मुख्य प्रकल्प उपप्रकल्पाच्या एका कमिटचा हॅश तेवढा धरून ठेवतो. साफसफाईत कुणी उपप्रकल्पातली जुनी ब्रँच डिलीट केली आणि ते कमिट दुसऱ्या ब्रँचमध्ये किंवा टॅगखाली नसलं, तर गार्बेज कलेक्शन पुढेमागे ते पुसून टाकतं. मग जुनं रिलीज पुन्हा बिल्ड करायला गेलं की हॅश हातात राहतो, कोड मिळत नाही. म्हणून आधी टॅग, मग डिलीट. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक विष्णु सीताराम सुकथनकर यांनी आदिपर्वात हेच केलं. गणपती लेखनिक झाल्याची कथा त्यांनी मूळ पाठातून काढली, पण परिशिष्टात क्रमांक देऊन छापली. तेलुगू, ग्रंथ, मल्याळम लिपींतल्या पोथ्यांचे टाकलेले श्लोकही तळटिपांत क्रमांकासह सापडतात.

यावर कुणी म्हणेल, हे तर सीव्हीएसच्या टॅगमधून सुचण्यासारखं आहे, पुणं कशाला? बेल लॅब्सने पुण्याकडून काही उसनं घेतलं, असा माझा दावा नाहीच. पण टॅग सहसा स्वीकारलेल्या आवृत्तीला नाव देतो. नाकारलेल्यालाही कायमचा पत्ता द्यायची सक्ती पाठचिकित्सेची. शिवाय पर्वसंग्रह आहे. आदिपर्वातला हा भाग प्रत्येक पर्वाचे अध्याय आणि श्लोक मोजून सांगतो, खिल म्हणजे पुरवणी म्हणवणारा हरिवंशही त्यात धरतो. म्हणजे सबमॉड्यूलच्या हॅशसारखी मुख्य ग्रंथानेच आपल्या भागांची अवस्था आकड्यांत बांधली आहे. प्रचलित पाठात आदिपर्वाचे अध्याय २२७ आणि श्लोक ८८८४, चिकित्सक आवृत्तीच्या पर्वसंग्रहात २१८ आणि ७९८४: शाखेगणिक आकडा वेगळा. हॅश मजकुरातूनच निघतो, श्लोकसंख्या कुणीही चुकीची लिहील, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच सुकथनकरांचा संयम मोठा वाटतो. त्यांच्या आदिपर्वात प्रत्यक्षात २२५ अध्याय आहेत. तरी पर्वसंग्रहातले २१८ त्यांनी पोथ्यांच्या आधाराने तसेच राहू दिले, मेळ बसवण्यासाठी बदलले नाहीत.