हेनस (विशेषण)

हेनस हे अत्यंत दुष्ट आणि समाजमनाला हादरवून सोडणाऱ्या कृत्यांसाठी वापरले जाणारे इंग्रजी विशेषण आहे. भारतीय बालन्याय कायद्यात त्याला निश्चित व्याख्या असल्यामुळे त्याचा सामान्य अर्थ आणि कायदेशीर अर्थ वेगळे ठरतात.

व्युत्पत्ती

हा शब्द १४व्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी ‘द्वेष’ या अर्थाचे फ्रेंच नाम असून इंग्रजी ‘हेट’ हा शब्द त्याच कुळातील आहे. ‘हीनस’ हा उच्चार चुकीचा मानला जातो. संस्कृत ‘हीन’ या शब्दाशी असलेले साम्य केवळ ध्वनीचे आहे.

वापर

हे विशेषण मुख्यतः गुन्हा, कृत्य, अत्याचार अशा नामांना लागते. त्यात कर्त्याची दुष्टता गृहीत असते. त्यामुळे भूकंप किंवा अपघात कितीही भीषण असला, तरी त्याला ‘हेनस’ म्हणणे योग्य नाही.

मराठी प्रतिशब्द

निर्घृण, घृणास्पद, नृशंस आणि अमानुष हे प्रतिशब्द संदर्भानुसार योजले जातात. संस्कृतात ‘घृणा’ या शब्दाचा एक अर्थ दया असा आहे. म्हणून ‘निर्घृण’ म्हणजे निर्दय. ‘घृणास्पद’मध्ये मात्र घृणा म्हणजे तिरस्कार. पहिला शब्द कर्त्याचे क्रौर्य सांगतो, तर दुसरा पाहणाऱ्याच्या मनातील तिटकारा. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘घृणास्पद’ मूळ शब्दाला अधिक जवळचा आहे. हत्येच्या संदर्भात मात्र ‘निर्घृण’ रूढ आहे.

कायदेशीर अर्थ

बालन्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार ज्या गुन्ह्यासाठी किमान शिक्षा ७ वर्षे किंवा त्याहून अधिक कारावासाची आहे, तो ‘हेनस’ गुन्हा होय. अशा गुन्ह्याचा आरोप असलेल्या १६ ते १८ वर्षे वयाच्या मुलावर, बाल न्याय मंडळाने प्राथमिक मूल्यांकन केल्यानंतर, प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो.

सदोष मनुष्यवधाच्या एका प्रकरणात (शिल्पा मित्तल विरुद्ध दिल्ली राज्य, २०२०) सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ स्पष्ट केला. कमाल शिक्षा ७ वर्षांहून अधिक असली, तरी किमान शिक्षा ठरवून दिलेली नसल्यास तो गुन्हा ‘हेनस’ नसून ‘गंभीर’ प्रकारात मोडतो, असे न्यायालयाने म्हटले. २०२१च्या दुरुस्तीने हीच भूमिका कायद्यात समाविष्ट झाली. म्हणजेच, लोकभावनेला एखादे कृत्य कितीही घृणास्पद वाटले, तरी या कायद्यापुरते ते ‘हेनस’ आहे की नाही, हे किमान शिक्षेवरून ठरते.