नाण्यावरचं दुहेरी अक्षर: खोट ठशाची की ठोक्याची?

'ज़र्ब' हा शब्द उर्दू शाळेतल्या मुलांना गणितातून ठाऊक असतो. ज़र्ब म्हणजे गुणाकार. पण या अरबी शब्दाचा मूळ अर्थ मारणे, ठोकणे. जुन्या फारसी नाण्यांवर 'ज़र्ब' आणि त्यापुढे गावाचं नाव असतं, म्हणजे नाणं त्या गावी ठोकलेलं. 'सिक्का' शब्दाची गोष्टही अशीच. अरबीत सिक्का म्हणजे आधी नाणं पाडायचा ठसा. पुढे त्या ठशातून निघालेल्या नाण्यालाच सिक्का म्हणू लागले.

ठसा आणि ठोका हे दोन शब्द लक्षात ठेवले की आजचा विषय निम्मा समजला.

पिरंगुटला आणि आसपासच्या वाड्यांवर अनेक घरांत देव्हाऱ्यात किंवा पेटीच्या तळाशी चार जुनी नाणी असतात. मी फारसी लिपी वाचतो म्हणून लोक ती माझ्याकडे घेऊन येतात. हल्ली सोबत मोबाइलवरचा एखादा व्हिडिओही असतो: अक्षर दोनदा उमटलेलं असेल तर लाखो रुपये मिळतील! दुसरा कुणी नेमकं उलट सांगतो, अक्षर दुहेरी म्हणजे नाणं खोटं. दोन्ही दावे घाईचे आहेत. आधी विचारायचं ते एवढंच, की दुहेरीपणा ठशात होता की ठोक्यात आला?

पेशवाईतलं नाणं घ्या. पुण्याच्या टांकसाळीतल्या अंकुशी रुपयावर अंकुशाचं चिन्ह आहे, मजकूर मात्र फारसीत आणि नाव बादशहा शाह आलमचं. टांकसाळीचं नाव 'मुहियाबाद पूना'. मुहियाबाद हे औरंगजेबाच्या काळात पुण्याला दिलेलं नाव. राज्य मराठ्यांचं, लिपी फारसी, बादशहा दिल्लीचा, आणि यात तेव्हा कुणाला वावगं वाटत नव्हतं, कारण बाजारात तोच रुपया चालत होता. म्हणून फारसी दिसली की 'हे मोगलांचं, आपलं नाही' असं म्हणून नाणं बाजूला टाकू नका.

असं नाणं हातोड्याने पाडलं जाई. खालचा ठसा पक्का बसवलेला, त्यावर धातूची चकती, वर दुसरा ठसा आणि त्यावर घाव. पहिला घाव हलका बसला की दुसरा घालत. मधल्या क्षणात चकती जराशी सरकली तर मजकूर दोनदा उमटे. यात ठसा निर्दोष असतो. खूण अशी की, त्या बाजूची सगळी अक्षरं एकाच दिशेने सरकलेली किंवा फिरलेली दिसतात आणि पहिल्या घावाची अक्षरं दुसऱ्याखाली चेपलेली असतात. असं नाणं अस्सल असू शकतं. मात्र वाचताना सांभाळावं लागतं. शब्दाच्या मध्ये वर एक नुक्ता असेल तर नून, दोन असतील तर ते. नुक्ता दोनदा उमटला की अक्षरच बदलतं. एकचा आकडा दोनदा उमटला की अकरा दिसतो. एका सरकलेल्या घावाने गावही चुकतं आणि सालही.

यंत्राच्या नाण्याची गोष्ट वेगळी. 1835 साली कंपनी सरकारने सगळ्या मुलखासाठी एकसारखा रुपया काढला. त्यावर चौथ्या विल्यमचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजीसोबत फारसीत 'यक रुपिया'. यंत्राच्या टांकसाळीत मूळ नक्षीच्या उठावदार पोलादी छापावरून अनेक ठसे दाबून काढतात. एका दाबात नक्षी पूर्ण उतरत नसे, म्हणून ठसा तापवून मऊ करत आणि पुन्हा दाबत. दुसऱ्या वेळी तो तंतोतंत बसला नाही, तर ठशातच नक्षी दुहेरी होई. हा खरा दुहेरी ठसा. अमेरिकेचा 1955 सालचा एक सेंट याचं जगप्रसिद्ध उदाहरण.

दुसरा प्रकार यंत्राच्या हिसक्याचा. ठसा चांगला असतो, पण प्रेसमध्ये ढिला बसलेला असतो. दाब पडल्यावर तो किंचित घसरतो आणि नुकतंच उठलेलं अक्षर एका कडेने चेपतो. पिरंगुटच्या कारखान्यांत प्रेसवर काम करणाऱ्या एका पालकांना हे सांगितलं तर ते हसून म्हणाले, "सर, डाय ढिली असली की आमच्या जॉबवरही असंच होतं."

आता ओळख. भिंग घ्या आणि उजेड एका बाजूने येऊ द्या. खऱ्या दुहेरी ठशात दोन्ही अक्षरं गोलसर, भरीव असतात. अक्षर नेहमीपेक्षा रुंद दिसतं आणि त्याच्या कोपऱ्यांत खाच दिसते. यंत्राच्या हिसक्यात दुसरी रेघ सपाट पायरीसारखी असते आणि ती अक्षराच्याच अंगातून कापलेली असल्याने मूळ अक्षर बारीक होतं. झिजलेल्या ठशाची अक्षरं कडांना नुसती फुगलेली, धूसर दिसतात. तोही दुहेरी ठसा नव्हे.

सर्वांत भरवशाची कसोटी म्हणजे दुसरं नाणं. खोट ठशात असेल तर त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर ती त्याच जागी, तशीच सापडते. ठोक्याची चूक दर नाण्याला वेगळी. म्हणून संग्राहक पहिल्या प्रकाराला मोल देतात, तर यंत्राच्या हिसक्याला सहसा जादा भाव नसतो.

इतिहासाच्या ऐकीव गोष्टींनाही मी मुलांना हीच कसोटी लावायला सांगतो. चूक मुळातच आहे, की सांगणाऱ्याच्या हातून घसरली? एकाच ठिकाणी ऐकून ते कळत नाही. दुसऱ्या ठिकाणची तीच गोष्ट शेजारी ठेवावी लागते.

तुमच्या घरी असं नाणं असेल तर चिंच किंवा पावडर लावून घासू नका. कडांवरचा जो बारीक पुरावा भिंगाखाली शोधायचा, तोच घासण्याने आधी जातो. आणि जमीन खणताना नाण्यांचा साठा मिळाला, तर 1878 च्या कायद्याप्रमाणे तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. व्हिडिओवाल्याला फोन लावण्याआधी हे ध्यानात असू द्या.