‘पैसे कुठे ठेवू?’ हा प्रश्न इतिहासाला कसा विचारायचा

माझं संशोधन निवृत्तीच्या बचतीच्या इतिहासावर आहे, हे कळलं की समोरचा हमखास विचारतो, “मग सांग, पीपीएफ चांगलं, एनपीएस चांगलं की सरळ एफडी?” आधी मी हसून टाळायचो. आता वाटतं, संशोधनाचा प्रश्न यातच दडलाय, फक्त तो जरा वळवून घ्यावा लागतो. कसा, ते पेण आणि रोह्याकडे बघून समजून घेऊ.

सुरुवात रोह्यापासून. चिंतामणराव देशमुखांचे वडील रोह्यात वकिली करत. चिंतामणराव १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री होते. याच काळात, १९५२ मध्ये, कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला. लगेच ‘रोह्याच्या सुपुत्राने पीएफ दिला’ असं लिहून मोकळे होऊ नका! तो कायदा कामगार खात्याचा. एकाच काळात घडलेल्या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध असतोच असं नाही. १९ जानेवारी १९५६ चा आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम मात्र थेट त्यांच्या अर्थखात्याचा. १ सप्टेंबरला एलआयसी सुरू झाली, तोवर मुंबईच्या प्रश्नावरून त्यांनी राजीनामा दिलेला होता.

आता विचारा, निवडायची मुभा होती कोणाला? धाटावच्या एमआयडीसीतल्या कायम कामगाराचा पीएफ पगारातून आपोआप कापला जातो. सरकारी शिक्षकाला पेन्शन. पेणच्या गणपती कारखान्यातल्या मूर्तिकाराला यातलं काहीच नाही. त्याच्यासाठी पोस्ट, सोनं, जमीन; १९६८ पासून पीपीएफ आणि २००९ पासून एनपीएस. म्हणजे बहुतेकांची ‘निवड’ नोकरीनेच करून टाकलेली असते.

खरी निवड समोर आली ती रेल्वेत. १९५७ मध्ये तिथे पेन्शन योजना आली आणि जुन्या कर्मचाऱ्यांना विचारलं गेलं: पीएफ ठेवता की पेन्शन घेता? अनेकांनी एकरकमी पैसा पसंत केला. पुढे पेन्शन वाढत गेली, पीएफवाले मागे राहिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९० च्या कृष्णकुमार खटल्यात पीएफवाले हरले. न्यायालयाचा तर्क असा: पीएफची रक्कम हातात दिली की त्या योजनेखालची सरकारची जबाबदारी संपते, पेन्शनची मात्र तेव्हा सुरू होते. हे एक वाक्य नीट समजलं तर निम्मा विषय समजला.

पण हातात आलेली ती एकरकमी रक्कम जाते कुठे? बऱ्याचदा गावातल्या ओळखीच्या बँकेत, मुदत ठेवीत. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध आणले. ठेवीदारांचा लढा वर्षानुवर्षं चालला. ठेव विम्याची मर्यादा तेव्हा होती १ लाख रुपये, आणि ती १९९३ पासून तशीच होती. ५ लाखांची मर्यादा आली फेब्रुवारी २०२० मध्ये. सत्तावीस वर्षं आकडा हलला नाही, महागाई मात्र हलत राहिली.

सरकारी नोकरीतही चित्र पालटलं. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन नाही. वाट्याला आली अंशदानाची योजना. बाजार पडला तर फटका कर्मचाऱ्याला, अशी तिची मूळ रचना होती. मार्च २०२३ चा राज्यव्यापी संप याच मुद्द्यावर होता.

आता हे सगळं एका ओळीत ठेवून बघा. प्रत्येक टप्प्यावर प्रश्न एकच: जोखीम कोणाच्या खांद्यावर? महागाईची, बँक बुडण्याची, बाजाराची, आणि अपेक्षेपेक्षा जास्त जगण्याची. ‘कोणती योजना चांगली’ हा सल्लागाराचा प्रश्न झाला. ‘जोखीम कोणाकडून कोणाकडे सरकली, आणि ते कोणी ठरवलं’ हा संशोधकाचा.

शेवटी एक विनंती. क्षेत्रभेटीत एखाद्या आजोबांनी जुनं पासबुक पुढे केलं, तर “तुम्ही चुकीचं का निवडलंत?” असं विचारू नका. “तेव्हा तुमच्यासमोर काय काय होतं?” असं विचारा. आपल्याला पुढचं माहीत आहे. त्यांना तेव्हा नव्हतं.