खंदकातली जखम आणि अंड्याचा बलक

1914 मध्ये फ्लँडर्स आणि उत्तर फ्रान्समधले खंदक खणले गेले ते पिकत्या शेतांत. पिढ्यान्‌पिढ्या लीद-शेण मुरलेल्या त्या मातीत ‘क्लॉस्ट्रिडियम’ कुळातल्या जिवाणूंचे बीजाणू दडलेले होते. तोफगोळ्याचा तुकडा मांडीत शिरताना चिखल आणि गणवेशाच्या चिंध्याही सोबत नेई. दोन-तीन दिवसांत जखम टम्म फुगे, दाबल्यावर कातडीखाली वायूचे बुडबुडे करकरत. हा वायुकोथ, म्हणजे गॅस गँगरीन. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सचे जवानही त्या ऑक्टोबरात न्यव शापेलला याच चिखलात लढले.

वायुकोथाचा जिवाणू मात्र नवा नव्हता. 1891 मध्ये बाल्टिमोरला विल्यम वेल्श यांना एका शवविच्छेदनात रक्तवाहिन्या वायूने भरलेल्या आढळल्या होत्या. पुढच्याच वर्षी त्यांनी जॉर्ज नटॉल यांच्यासह या जिवाणूचं वर्णन छापलं. पण तो पेशींना मारतो कसा, हे कोडं युद्धभर सुटलं नाही.

शल्यविशारदांनी उत्तराची वाट पाहिली नाही. बेल्जियमचे अंत्वान दपाज मेलेलं मांस आणि मेद कापून काढत, जखम उघडी ठेवत. बुलोनच्या इस्पितळात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी दाखवलं, की जंतुनाशक द्रव जखमेच्या खोल खाचांत पोचतच नाही. म्हणजे सुरीचाच मार्ग बरोबर होता, आणि त्यामागचं शास्त्र पंचवीस वर्षं उशिरा आलं.

1939 मध्ये संशोधक नॅगलर यांनी या जिवाणूचं विष माणसाच्या रक्तरसात (सीरममध्ये) मिसळलं, तेव्हा तो गढूळला. अंड्याच्या बलकातही तेच घडतं. 1941 मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये मार्जोरी मॅकफार्लेन आणि नाइट यांनी उलगडा केला: हे विष म्हणजे लेसिथिन तोडणारं विकर आहे. जिवाणूचं विष विकरासारखं काम करतं, हे प्रथमच सिद्ध झालं.

लेसिथिन बलकात असतं, तसंच आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणातही. मेदपेशी म्हणजे तर जवळजवळ सगळा तेलाचाच एक थेंब. केंद्रक कडेला रेटलेलं, भोवती पातळ पटल. विष ते पटल फाडतं आणि तेल बाहेर सांडतं. स्नायूंचा नाश अधिक ठळक दिसतो, म्हणून वर्णनांत मेदाच्या वाट्याला कमी शब्द येतात. हे अन्यायाचं आहे. त्याच विषामुळे रक्तातल्या बिंबिका गोळा होऊन बारीक वाहिन्या तुंबतात. रक्त थांबलं की प्राणवायू संपतो, आणि प्राणवायू नसलेली जागाच या जिवाणूला मानवते.

पुढे पेनिसिलिन आलं. पण जिथे रक्तच पोचत नाही, तिथे तेही पोचत नाही. त्यामुळे वायुकोथात मेलेला भाग आजही तातडीने कापूनच काढावा लागतो.