आवारांतील जुन्या चिंचेविषयीं

महोत्सवाच्या या स्मरणिकेंत देवळाचा, शाळेचा व आमच्या पूर्वीच्या धर्मगुरूंचा वृत्तांत इतर लेखकांनीं दिलाच आहे. ज्या एका साक्षीदाराविषयीं कोणीं लिहिलें नाहीं, त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे. हा साक्षीदार म्हणजे आवारांतील जुनी चिंच होय. देवळाच्या भिंती उभ्या राहण्यापूर्वीं पहिली मिस्सा तिच्याच सांवलींत झाली, असें आमचीं वडीलधारीं माणसें सांगतात. आणि दर रविवारीं मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग तिच्याखालींच भरत आला आहे. या चिंचेचें खोड आंतून कुजलें आहे. ती राखावी कीं तोडावी, हा प्रश्न मंडळीपुढें आहे व त्यावर मतें दोन आहेत.

हिंगोलीनें फेरबदल पुष्कळ पाहिले. निजामाच्या राज्यांत येथें हैदराबाद कंटिंजंट फौजेचें ठाणें होतें. १९०३ सालीं ती फौज मोडली. १९४८ सालीं निजामाची सत्ता संपली, १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें, १९७७ सालीं औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना झाली, आणि १९९९ सालच्या १ मे रोजीं परभणींतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. अंमल बदलले, कचेऱ्या बदलल्या. जुनीं झाडें मात्र जागच्या जागीं राहिलीं. म्हणूनच त्यांच्यावर कुऱ्हाड उचलतांना मन कचरतें.

अशा प्रश्नाचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण हावड्याजवळ शिबपूर येथील वनस्पति-उद्यानांत घडलें. हें उद्यान १७८७ सालीं कर्नल रॉबर्ट किड यांनीं स्थापिलें. तेथील महावटवृक्षाच्या मोठ्या फांद्या १८६४ व १८६७ सालच्या चक्रीवादळांनीं मोडल्या, त्या जखमांतून बुरशी शिरली, आणि सुमारें ५० फूट घेराचें मूळ खोड कुजत गेलें. अखेर १९२५ सालीं तें काढून टाकण्यांत आलें. खोड गेलें तेथें झाडही गेलें, असें कोणासही वाटेल. पण तसें झालें नाहीं. तोंपर्यंत फांद्यांवरून उतरलेल्या पारंब्या जमिनींत रुजून स्वतःच खांब झाल्या होत्या. आज तो वड मूळ खोडावांचून तीन हजारांहून अधिक पारंब्यांवर उभा आहे. २०२० सालच्या मे महिन्यांतील अम्फान वादळानें त्याची हानि केली, तरी तो टिकून राहिला.

चिंच राखावी असें म्हणणारे आमचे बंधु हेंच उदाहरण पुढें करतात. परंतु चिंचेस पारंबी नाहीं. तिचा सारा भार एका खोडावर. तें ढासळलें कीं ती ढासळली. वडाचा न्याय चिंचेला लावतां येत नाहीं.

उलट पक्षीं, 'पोकळ झालें म्हणजे मेलें' हें म्हणणेंही बरोबर नाहीं. झाडाचा जीव सालीखालच्या थरांत असतो. तेथेंच नवें लाकूड धरतें व त्यांतून पाणी वर चढतें. मधला गाभा हें जुनें, निर्जीव लाकूड. त्याचें काम आधार देण्याचें. पोकळ वेळू वाऱ्यांत उभा राहतोच. तेव्हां पाहावयाचें तें इतकेंच कीं, शाबूत लाकडाची भिंत किती जाड उरली आहे. खोडाच्या त्रिज्येच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाइतकी भिंत असावी, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. मात्र खोडास भेग असेल, ढोलीचें तोंड रुंद असेल किंवा बुंध्याशीं बुरशीचीं छत्रें उगवलीं असतील, तर त्यावर विसंबूं नये.

येथें एक चूक कबूल करणें आमचें कर्तव्य आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीच त्या ढोलींत विटा व सिमेंट भरविलें. किडका दांत भरतात तसें हें काम होईल, अशी आमची समजूत होती. पण वाऱ्यानें खोड हलतें, सिमेंट हलत नाहीं. दोहोंमध्यें फट पडली व तींत पावसाचें पाणी मुरत राहिलें. ही चाल पूर्वीं परदेशांतही होती. अमेरिकेच्या वनखात्यांतील शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनीं असंख्य झाडें चिरून तपासलीं, आणि माणसाची जखम भरते तशी झाडाची भरत नाहीं, हें दाखवून दिलें. झाड कुजक्या भागास भोंवतीं भिंत घालून कोंडतें व बाहेरून नवें लाकूड वाढवितें. ढोली खरवडून 'साफ' करणारा ती भिंतच फोडतो.

आपल्या राज्यांतील एक गोष्टही ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. जो रत्नागिरी-नागपूर महामार्ग आपल्या कळमनुरी तालुक्यांत वारंगा फाट्यावरून जातो, त्याच महामार्गाच्या कामांत मिरज तालुक्यांतील भोसे येथील वड तोडला जाणार होता. त्याचें वय सुमारें ४०० वर्षें मानीत. लोकांनीं आवाज उठविला, आणि २०२० सालीं रस्त्याची आंखणी बदलून तो वांचविण्यांत आला. पुढें २०२२ सालीं तोच वड पावसांत कोसळला. कुऱ्हाडीपासून वांचविणें हें अर्धेंच काम. राखलेल्या झाडाची निगा हें उरलेलें अर्धें.

कायद्याचीही बाजू आहे. १९६४ सालच्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या यादींत चिंच आहे. नगरपालिकेच्या हद्दींत १९७५ सालच्या कायद्यान्वयें परवानगी लागते, आणि २०२१ सालच्या दुरुस्तीनें ५० वर्षें व त्याहून अधिक वयाच्या झाडांस वारसावृक्ष म्हणून विशेष संरक्षण दिलें आहे. तेव्हां आपल्या मनास येईल तसें करण्यास आपण मुखत्यार नाहीं.

सर्व बाजूंचा विचार करतां आम्हांस असें दिसतें कीं, धोका एकट्या झाडांत नाहीं. झाडाखालीं कोण बसतें, यांत तो आहे. निर्जन माळावरील पोकळ चिंच कोणाचें कांहीं बिघडवीत नाहीं. तीच मुलांच्या डोक्यावर असली तर क्षणाचाही उशीर अपराध ठरेल. सबब मुलांचा वर्ग आजपासूनच ओसरीवर नेला आहे व चिंचेभोंवतीं कुंपण घातलें आहे. रीतसर परवानगी मिळतांच, वाटेवर झुकलेली जड फांदी जाणत्याकडून हलकी करवूं, म्हणजे खोडावरील वाऱ्याचा ताण कमी होईल. बुंध्याशीं पाला जाळणें बंद होईल. दरवर्षीं पावसाळ्याच्या आधीं व नंतर तपासणी होईल, आणि भिंत पातळ होत आहे असें दिसल्यास आम्हीच प्रथम तोडण्याचा अर्ज करूं. तिच्याच चिंचोक्यांचीं रोपें मात्र याच वर्षीं लावावयाचीं आहेत.

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायांत अंजिराच्या झाडाचा दृष्टांत आहे. धनी तोडावयास सांगतो. माळी एका वर्षाची मुदत मागतो. पण तो नुसती मुदत मागत नाहीं. भोंवतीं खणण्याचें व खत घालण्याचें काम तो स्वतःकडे घेतो. त्या वर्षाअखेर काय झालें, तें दृष्टांतांत सांगितलेलें नाहीं. आमच्या चिंचेचेंही पुढें काय होईल, हें आज सांगतां येत नाहीं. मुदत आम्ही मागितली आहे; कुदळ धरण्यास कोण कोण येतात, हें आतां पाहावयाचें आहे.